श्रीरामकाकांच्या गोळ्या

वेस्ट विंडसरच्या मराठी घरांमध्ये कुणाला ताप आला, की थर्मामीटर शोधायच्या आधी श्रीरामकाकांना फोन जायचा. डॉक्टर श्रीराम घारपुरे. नागपूरचे, ऐंशीच्या दशकात इथे अमेरिकेत आलेले. फोन रविवारी केला काय, गणपतीच्या आरतीच्या मध्ये केला काय, काकांचा आवाज कधी त्रासलेला ऐकू यायचा नाही. दोन प्रश्न विचारायचे आणि म्हणायचे, "घाबरू नका हो, लिहून टाकतो." माणूस गाडी काढून फार्मसीत पोचेपर्यंत तिथे गोळ्या तयार असायच्या. भारतात निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला ते आठवणीने गोळ्यांची एक छोटी पुडी द्यायचे. पोटासाठी सिप्रो, घशासाठी अझिथ्रो, दोन्ही अँटिबायोटिक. "असू दे बॅगेत. लागली तर घ्या." शेकडो घरांवर त्यांनी अशी माया केली आणि त्या माणसांनीही त्यांना घरचा डॉक्टर मानलं.

इला या मायेतच वाढली होती. लहानपणी तिचा कान वरचेवर दुखायचा. काका घरी यायचे, कानात बॅटरी मारायचे आणि गुलाबी, गोड औषध लिहून द्यायचे. आपण काकांकडे बघून डॉक्टर झालो असं ती मोठेपणी सगळ्यांना सांगायची, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

शिकून ती जंतुसंसर्गांची डॉक्टर झाली आणि ॲन आर्बरला स्थायिक झाली. तिथे एका मोठ्या आरोग्यसेवा कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. या सेवेचे दवाखाने एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत देशभर पसरलेले होते. इलाचं काम बोलायला सोपं होतं, करायला महाकठीण. या सगळ्या दवाखान्यांमधल्या डॉक्टरांना गरज नसताना अँटिबायोटिक लिहिण्यापासून परावृत्त करायचं. साध्या सर्दीखोकल्यावर, व्हायरल तापावर या औषधांचा काडीचा उपयोग नसतो. पण पेशंट मागतो, डॉक्टरला घाई असते, आणि नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात औषध लिहून होतं. पोटातले जंतू मात्र प्रत्येक गोळीबरोबर शिकत जातात. मग जेव्हा जीव वाचवायला तेच औषध लागतं, तेव्हा ते चालत नाही.

इलाच्या टीमने एक साधी योजना केली होती. प्रत्येक डॉक्टरला दर महिन्याला ईमेल जायचा, की तुमच्या बरोबरीच्या डॉक्टरांच्या तुलनेत तुम्ही किती अँटिबायोटिक लिहिता. जे फारच वर असतील त्यांना टीममधून फोन जायचा. योजना चालली. आलेख खाली यायला लागला. मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर तो दाखवला, की वरिष्ठ माना डोलवायचे.

वेस्ट विंडसरचा दवाखाना काही वर्षांपूर्वी याच सेवेने विकत घेतला होता. श्रीरामकाका आता तिथे पगारी डॉक्टर होते. आलेखावर प्रत्येक डॉक्टरचा एक ठिपका असायचा. त्या दवाखान्यातला एक ठिपका काही केल्या खाली येत नव्हता. नाव कुणाचं आहे हे इलाला बघायची गरज नव्हती.

फोन तिनेच करायला हवा होता. पण ज्यांच्या मांडीवर बसून आपण कान दाखवला, त्यांना "तुम्ही चुकताय" असं कसं म्हणायचं? तिने ते काम टीममधल्या राजीवकडे दिलं. राजीव मुंबईचा, फार्मासिस्ट, बोलण्यात हुशार. त्याने दोनदा फोन केला.

"काय म्हणाले?" इलाने विचारलं.

"हो हो, नक्की बघतो म्हणाले. मग माझे आईवडील कुठले, मी जेवतो कुठे, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, तुझा आवाज बसलाय, सायनस असणार, काहीतरी लिहून देऊ का? यार इला, त्यांना कोण काय सांगणार!"

इलाही हसली. त्या हसण्याची पुढे तिला फार लाज वाटली.

इलाचे बाबा शशिकांत आणि श्रीरामकाका कॉलेजपासूनचे मित्र. बाबा निवृत्त केमिस्ट होते. औषधांच्या एका रिसर्च लॅबमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. हिवाळ्यात ते आणि आई पुतण्याच्या लग्नाला नागपूरला जाऊन आले. वसंतात नेहमीच्या तपासण्या केल्या तेव्हा प्रोस्टेट ग्रंथीचा रक्तातला आकडा वाढलेला निघाला. कॅन्सरची शंका होती म्हणून स्पेशालिस्टने बायोप्सी सांगितली. गुदद्वारातून सुई घालून प्रोस्टेटचे बारीक तुकडे घ्यायचे, अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. इला फोनवर म्हणाली, "मी येऊ का बाबा?" ते म्हणाले, "अगं, दात काढायला जातोय असं समज."

बायोप्सी सुरळीत झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणातल्या कुंड्यांना पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेत असताना त्यांच्या हातातली बशी वाजायला लागली. आईला आधी वाटलं, हे मुद्दाम करतायत. मग तिने बघितलं, ते सबंध अंगाने थडथडत होते.

इला डेट्रॉइटहून मिळेल त्या विमानाने नेवार्कला आली. ती पोचली तेव्हा बाबा आयसीयूत होते. रक्तदाब घसरत होता, ताप उतरत नव्हता, हातांची बोटं काळपट दिसत होती. सुई आतड्यातून गेली तेव्हा तिथला जंतू रक्तात शिरला होता. अशा वेळी नेहमी देतात ते अँटिबायोटिक कालपासून चालू होतं, आणि त्याचा काहीही परिणाम दिसत नव्हता.

आई बाहेर कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. इला तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, नीट आठवून सांग. बाबांनी गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का?"

"नाही गं. कशाला घेतील? आजारी कुठे होते?"

"सिप्रो? अझिथ्रो?"

"सिप्रो होय!" आई म्हणाली. "ती तर घेतलीच होती. नागपूरला लग्नात पोट बिघडलं आमचं, तेव्हा दोघांनीही घेतली. इकडे आल्यावर यांना खोकला झाला, तेव्हा ती दुसरी. मग लघवीला जळजळ होत होती तेव्हा पुन्हा सिप्रो. भाऊजींनी दिली ना."

इला उठून उभी राहिली. "बायोप्सीच्या आधी हे कुणी विचारलं नाही?"

"विचारलं की. ती नर्स म्हणाली, एनी अँटिबायोटिक्स, एनी ट्रॅव्हल? हे म्हणाले, नो. मीपण मान हलवली." इलाचा चेहरा बघून आईचा आवाज बारीक झाला. "तिला विचारायचं असणार ना, हॉस्पिटलातलं वगैरे काही मोठं. या आपल्या साध्या गोळ्या, श्रीरामभाऊजींच्या. का गं?"

"काही नाही," इला म्हणाली आणि धावत आत गेली.

आयसीयूतल्या तरुण डॉक्टरणीलाही शंका आलेलीच होती. इलाने सांगितलेलं ऐकून तिने लगेच औषध बदललं, सगळ्यात जोरकस जे होतं ते लावलं. पण पहिला सबंध दिवस वाया गेला होता, आणि अशा दुखण्यात पहिलाच दिवस महत्त्वाचा असतो. हे इला शेकडो डॉक्टरांना शिकवत आली होती. तिला कुणी खोटा धीर देऊ शकत नव्हतं.

दुपारी बाबा थोडे शुद्धीवर आले. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "कॅन्सर आहे का?"

"नाही बाबा. इन्फेक्शन झालंय."

"हात्तिच्या," ते म्हणाले. "मग बरा होईन मी." आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं आणि ते काही बोलले नाहीत.

श्रीरामकाका रोज यायचे. बायकोने, शैलजाकाकूंनी, दिलेला डबा आईच्या हातात ठेवायचे, "वहिनी, दोन घास खा," म्हणायचे आणि मग काचेपलीकडे मित्राकडे बघत उभे राहायचे. रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी इला त्यांना खाली कॅफेटेरियात घेऊन गेली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तिने फोनवर रिपोर्ट उघडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. कुठलं औषध या जंतूवर चालतं, कुठलं चालत नाही, असं त्यात ओळीने लिहिलेलं होतं. सिप्रो चालत नव्हती. पहिल्या दिवशी दिलेलं औषध चालत नव्हतं. चालणारी दोन-तीनच उरली होती.

काकांनी चष्मा वर सरकवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं डॉक्टरी केलेला माणूस. समजावून सांगायची गरज नव्हती.

"मीच दिल्या होत्या," ते म्हणाले.

"हो काका."

"खोकल्याला दिली ती द्यायची नव्हती. मला माहीत होतं. शशी म्हणाला, दे रे, पिकनिकच्या आत बरं व्हायचंय." त्यांनी चष्मा काढला. "लघवीला जळजळ म्हणाला तेव्हा तपासायलाही बोलावलं नाही मी. फोनवरच लिहून टाकली."

"नक्की त्यामुळेच झालं असं नाही सांगता येत," इला म्हणाली. "हा जंतू नागपूरच्या पाण्यातून आला असेल. कुठूनही आला असेल."

"हे तू मला डॉक्टर म्हणून सांगतेयस की माझी समजूत काढतेयस?"

इलाने फोन परत घेतला. मग म्हणाली, "दोन्ही."

काकांनी कागदी कप हातात फिरवत ठेवला. "ते ईमेल यायचे मला. दर महिन्याला. मी उघडलेच नाहीत. मला वाटायचं, या कंपनीवाल्यांना औषधाचा खर्च वाचवायचाय." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं, माझं नाव वर आहे ते?"

"हो."

"मग तू का नाही केलास फोन?"

"मला नाही जमलं काका."

काकांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. "केला असतास तरी मी हसलो असतो," ते म्हणाले. "म्हटलं असतं, बघा, कान दाखवायला रडणारी पोर मला डॉक्टरी शिकवतेय."

एव्हाना इलाचा धाकटा भाऊ परीक्षित रेडमंडहून आला होता. तो तिथल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनियर. बिघाड झाला की कारण सापडलंच पाहिजे, अशा कामात मुरलेला. आयसीयूत तो येरझारा घालायचा आणि प्रत्येक नर्सला आकडे विचारायचा. बाबांची किडनी बंद पडली, डायलिसिस लावलं. आता फक्त वाट बघायची होती.

अशातच ज्याने बायोप्सी केली तो स्पेशालिस्ट स्वतः वर आला. उंच, थकलेला माणूस. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्याने सांगितलं, की सगळे तुकडे तपासले. कॅन्सर कुठेच नाही. वयाप्रमाणे ग्रंथी थोडी वाढली आहे, एवढंच. आपल्याला फार वाईट वाटतंय असंही तो म्हणाला.

आईला कॅन्सर नाही एवढंच नीट कळलं. तिने हात जोडले. "देव पावला," ती म्हणाली. परीक्षित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

दोन दिवसांनी बाबा गेले.

घर माणसांनी भरलं. कुणी वरणभात आणला, कुणी नुसतं येऊन बसलं. श्रीरामकाकाही आले, सगळ्यांबरोबर जमिनीवर बसले, आईने वाढलेलं जेवले. लोक त्यांच्याकडे बघून एकमेकांना म्हणायचे, "किती धावपळ केली हो यांनी. सख्खा भाऊ करणार नाही." काका मान खाली घालून भात कालवत राहायचे. इला हे बघायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. आईला सांगावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती थांबायची. सांगायचं म्हणजे नुसतं काकांचं नाव घ्यायचं नव्हतं. नर्सने विचारलं तेव्हा तूही मान हलवलीस, हेही त्याबरोबर सांगणं आलं.

सगळे पांगल्यावर परीक्षितने लॅपटॉप उघडला. "दीदी, आय फाउंड अ लॉयर. हॉस्पिटलने चुकीचं औषध दिलं. आपण स्यू करूया."

"केस उभी राहणार नाही, परी."

"व्हाय नॉट?"

मग इलाने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि शेवटी त्याने लॅपटॉप मिटला. "सो श्रीरामकाका किल्ड हिम," तो म्हणाला.

"असं सरळ नसतं रे."

"इट्स प्रिटी सरळ, दीदी."

दुसऱ्या दिवशी इला बाबांच्या बँकेच्या कामाला गेली होती. परतली तेव्हा आई डायनिंग टेबलापाशी बसली होती आणि परीक्षित घरात नव्हता. त्याने सांगून टाकलं होतं. इंग्रजीत, भराभर, रागाने, नर्सच्या प्रश्नासकट. आणि मग स्वतःच हादरून गाडी घेऊन बाहेर पडला होता.

आई रडत नव्हती. "तुला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"हॉस्पिटलात पोचले त्या दिवसापासून."

"आणि त्या माणसाला माझ्या हातचं जेवू दिलंस?"

इलाने खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"मला का नाही बोललीस? मी काय लहान आहे? यांना नो म्हणायला नको होतं, मला मान हलवायला नको होती, हे मला माझ्या पोराकडून इंग्रजीत ऐकावं लागलं." ती उठली, सिंकपाशी गेली, नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. पाणी वाहत राहिलं.

संध्याकाळी बेल वाजली. श्रीरामकाका डबा घेऊन आले होते. आईनेच दार उघडलं. काकांनी डबा पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"भाऊजी, परी म्हणतो ते खरं आहे का?"

काकांनी तिच्या मागे उभ्या असलेल्या इलाकडे बघितलं. इलाने कॅफेटेरियात सांगितलेलं वाक्य त्यांना तिथे वापरता आलं असतं. "नक्की कुणीच सांगू शकत नाही, वहिनी," ते म्हणालेही. मग म्हणाले, "पण मला खरं वाटतं."

आईने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं, झोपलेलं मूल असलेल्या घरात लावतात तसं. काका किती तरी वेळ बाहेर उभे होते. काचेतून त्यांची सावली दिसत होती.

उन्हाळ्यात आई इलाकडे ॲन आर्बरला राहायला आली. वेस्ट विंडसरचं घर बंद केलं. काकांचं नाव घरात निघत नसे.

काकांनी मात्र इलाला फोन केला. "तुमच्या त्या मीटिंगा होतात ना, देशभरच्या डॉक्टरांच्या? मला त्यात बोलायचंय."

"काका, तुमच्यावर काहीतरी शेकेल. कंपनीचे वकील नको म्हणतील."

"मी रिटायर होतोय डिसेंबरात. काय करणार आहेत माझं?"

वकील नको म्हणालेच. पण इला हट्टाला पेटली. गेली काही वर्षं ती डॉक्टरांना आलेख दाखवत होती आणि तिला आता त्या आलेखांचा वीट आला होता. शेवटी बाबांचं नाव घ्यायचं नाही या अटीवर परवानगी मिळाली. पडद्यावर शेकडो छोट्या चौकटींमध्ये देशभरातले डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत सँडविच खात बसले होते. श्रीरामकाका त्यांच्या नागपुरी इंग्रजीत, कागद न घेता बोलले. एक मित्र होता. त्याला तपासल्याशिवाय औषध दिलं. पुन्हा दिलं. मग ज्या दिवशी खरंच लागलं, त्या दिवशी औषध चाललं नाही. "मला वाटायचं मी माणसांना बरं करतोय," ते म्हणाले. "मी त्यांना खूश करत होतो. त्यात फार फरक आहे आणि तो मला फार उशिरा कळला." चौकटींमधल्या माणसांचे घास थांबले होते.

एका तरुण डॉक्टरने विचारलं, "मग आता तुम्ही पेशंटला नाही कसं म्हणता?"

"नीट जमत नाही अजून," काका म्हणाले.

त्या महिन्यानंतर बऱ्याच दवाखान्यांतले ठिपके खाली आले. ईमेलने जे झालं नव्हतं ते थोडंफार झालं. नियमही बदलला. बायोप्सीच्या आधी आता "अँटिबायोटिक घेतलं का" एवढंच न विचारता "कुणी डॉक्टर मित्राने, नातेवाइकाने कुठली गोळी दिली का, परदेशातून काही आणलं का" असं विचारायचं ठरलं, आणि शंका असेल तर आतड्यातल्या जंतूंची तपासणी आधी करायची. वरिष्ठांनी इलाची पाठ थोपटली. तिने थँक्यू म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

वेस्ट विंडसरमध्ये मात्र निराळंच झालं. काका आता खोकल्याला गोळी देत नाहीत म्हटल्यावर लोक दुखावले. "वय झालं त्यांचं," म्हणायला लागले. रस्त्यापलीकडे अर्जंट केअर नावाचा, वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना उघडला होता, तिथे दहा मिनिटांत हवी ती गोळी मिळायची. काकांचा स्वतःचा ठिपका खाली आला आणि वेटिंग रूम रिकामी झाली. डिसेंबरात ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या केकपाशी मोजकीच माणसं होती, असं राजीवने कुणाकडून तरी ऐकलं.

जानेवारीत, बाहेर बर्फ साचलेलं असताना, इला दुपारी घरी आली तर आई दोन रजया घेऊन झोपली होती. "थंडी आहे," ती म्हणाली. इलाने रजईखाली हात घातला. आई तव्यासारखी तापली होती. दोन दिवसांपासून कंबर दुखतेय, लघवीला त्रास होतोय, हे तिने लपवलं होतं.

हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. किडनीपर्यंत इन्फेक्शन गेलं होतं. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं नाव घेताच आईने हात रजईत ओढून घेतला.

"मी नाही घेणार."

"आई, या वेळी खरंच लागतंय."

"प्रत्येक वेळी खरंच लागत होतं," आई म्हणाली.

एवढी वर्षं इलाने डॉक्टरांना गोळी देऊ नका म्हणून समजावलं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. "त्या वेळी कुणी तपासलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "आता तपासलंय. आणि तूही नागपूरला त्याच गोळ्या घेतल्या होत्यास, हे मी त्यांना आधीच सांगितलंय. म्हणून ते नेहमीचं औषध देत नाहीयेत. बाबांना शेवटी दिलं होतं ते देतायत, पहिल्यापासून."

आई छताकडे बघत राहिली. मग तिने हात रजईबाहेर काढला आणि नर्सपुढे धरला.

रिपोर्ट आला तो इलाला भीती होती तसाच. जंतू त्याच जातीचा होता. तीच औषधं चालत नव्हती, तीच दोन-तीन चालत होती. मात्र यावेळी ताप उतरला होता आणि आई उशीला टेकून चहा पीत होती. इलाने ठरवलं, आता काही लपवायचं नाही. तिने सांगितलं.

"यांना झाला तोच?" आईने विचारलं.

"तसाच."

"म्हणजे तो माझ्याही पोटात होता, इतके दिवस."

"हो."

"आणि अजून असेल?"

"असू शकतो. काहींचा जातो, काहींचा राहतो. पुढे कधीही आजारी पडलीस, तर पहिल्यांदा हे सांगायचं."

आईने चहा संपवला, कप बाजूला ठेवला. "यांना हे औषध पहिल्या दिवशी मिळालं असतं तर?"

"तर कदाचित वाचले असते, आई."

आईने मान हलवली. ती खिडकीकडे वळली. बाहेर बर्फ बाजूला सारणारी गाडी पार्किंगमध्ये मागेपुढे करत होती. मग तिने इलाचा फोन मागितला आणि नंबर न बघता, पाठ असलेला लावला. पलीकडे शैलजाकाकूंनी उचलला. त्या काहीतरी घाईघाईने, रडत बोलायला लागल्या. आईने ते ऐकून घेतलं.

"शैलजा," ती म्हणाली, "भाऊजींना सांग, मलाही तेच निघालं. एवढंच सांग त्यांना. मी बरी आहे."

तिने फोन बंद करून इलाला दिला आणि कुशीवर वळली. हे तिने दोष द्यायला कळवलं, की आणखी कशासाठी, ते इलाला कळलं नाही. तिने विचारलंही नाही. रजई आईच्या खांद्यापर्यंत ओढून ती खुर्चीत बसून राहिली.